लोटनआबांचा पाय आणि विमलताईंच्या साड्या

गरब्यात सरळ रेषेत कुणी चालत नाही, ही गोष्ट सुरतेत जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावी लागू नये. मला सांगावी लागली. सांगणाऱ्या हंसाबेन माझ्या पेशंट. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांचा डावा पाय घोटाळत, उशिरा पडायचा. तो वेळेवर पडावा म्हणून मी त्यांना ठेक्यावर चालवायचं ठरवलं आणि ठेका ओळखीचा असावा म्हणून मोबाइलवर गरबा लावला. पहिली दोन पावलं अशी पडली की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढच्या पावलाला बेननी चांगला हात टाळीसाठी उचलला, कंबर लववली आणि गर्रकन वळल्या. मी त्यांना सावरायला डावीकडे उभा होतो. त्या वळल्यामुळे त्यांची डावी बाजू पलीकडे गेली आणि मी अलीकडे राहिलो. धडपडून त्यांना धरलं आणि आम्ही दोघंही बसलो. त्या सोफ्यावर बसल्या, मी त्यांच्या पायाशी फरशीवर.

"भाई," पदर नीट करत त्या शांतपणे म्हणाल्या, "गरबामां सीधुं कोण चाले?"

तेव्हा मला या धंद्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, हे मुद्दाम सांगतो. नवशिक्याच्या चुकांचं कौतुक होतं. माझ्या बहुतेक चुका अनुभवातून आलेल्या आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट. सुरतेत भेस्तानला माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. गुजराती लोक मला कसरतवाळा डॉक्टर म्हणतात, खानदेशी नुसतं डॉक्टर म्हणतात, आणि माझे वडील, जे बँकेतून निवृत्त झाले, ते शेवटपर्यंत पाहुण्यांना "तो मालिशचं बघतो" असं सांगत राहिले. त्यांच्या समाधानासाठी एवढंच म्हणतो, की मालिश मी फार कमी करतो. मी मोठ्या माणसांना चालायला शिकवतो.

चालणं म्हणजे काय हे चालता येत असेपर्यंत कळत नाही. आपण काही "आता उजवा, आता डावा" असं म्हणत भाजी आणायला जात नाही. आतल्या आत हुकूम सुटतो आणि पाय तो पाळतात. झटक्यात मेंदूचा एखादा भाग दुखावला की हुकूम अर्धवट पोचतो. पायात जीव असतो, थोडी ताकदही परत आलेली असते, पण पाऊल निघत नाही. निघालं तर चवडा जमिनीला घासतो. काहींना तर आपला पाय टेकला की नाही हेच समजत नाही. अशा वेळी आम्ही बाहेरून इशारा देतो. डोळ्यांना जमिनीवर रेघ दाखवायची, कानाला ठेका द्यायचा, तळव्याला काथ्याचं खरखरीत पायपुसणं लागू द्यायचं. मग आतला नेहमीचा रस्ता बंद असला तरी निरोप आडवाटेने पायापर्यंत जातो. सगळ्यांचा जात नाही. ज्याचा जातो, त्याचं पाऊल रेघ बघून असं उचललं जातं की घरच्यांना वाटतं हा इतके दिवस सोंग करत होता.

या इशाऱ्यांमध्ये मी जितके घोळ घातले, त्यांत पांडेसऱ्यातल्या लोटनआबांच्या गल्लीतला घोळ सगळ्यांत मोठा. तो सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

लोटनआबा मूळचे अमळनेरकडचे. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, स्टेंटरवर होते. स्टेंटर म्हणजे ओलं कापड दोन्ही काठांना धरून, ताणून वाळवणारं लांबलचक गरम यंत्र. त्याच्यापुढे उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ऐन थंडीत एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला आणि उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, हात लुळा होता आणि पाय नावालाच होता.

घर म्हणजे गल्लीतली एक खोली. मुलगा हजीऱ्याला एका कंपनीत, शिफ्टला गेला की उगवायचा तो दुसऱ्या दिवशीच. घरात आबा आणि त्यांची बायको विमलताई. ताई घरबसल्या साड्यांवर टिकल्या आणि लेस लावायचं काम करायच्या. अख्ख्या गल्लीत मिळून एक संडास, तोही दुसऱ्या टोकाला. मुलाने त्यात बसायला भोकाची खुर्ची आणली होती, भिंतीला धरायला पाइप ठोकला होता. पण तिथवर जाणार कसं? ताई आबांना कवेत धरून, ओढत न्यायच्या आणि ते पडतील या भीतीने दार उघडं ठेवून, पाठ करून तिथेच उभ्या राहायच्या. आबा म्हणून दिवसभरात घोटभरच पाणी प्यायचे.

गावी आबांचे थोरले भाऊ, सुकलालदादा. त्यांचं किराणा दुकान, मोठं घर, घरात माणसं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एकटी बाई कितीदा उचलणार? खोली सोडा, गावी चला. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांनी मिळूनच खायचा असतो. आबांना एकट्याने प्रवास झेपत नाही म्हणून यंदा दादा स्वतः सुरतेला येणार होते आणि जाताना भावाला सामानासकट घेऊन जाणार होते. टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं.

"वाईट नाहीत दादा," विमलताई मला म्हणाल्या. "पण तिकडे गेलो की हे खाटेवरचे झाले. आणि मी कोन? खाटेजवळची."

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, माले फक्त तठलोंग जाता येऊ द्या." तठलोंग म्हणजे तिथपर्यंत. कुठपर्यंत, ते मी विचारलं नाही.

क्लिनिकमध्ये मी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या मारल्या होत्या. आबा पट्टीकडे बघत, एकेक ओलांडत, माझा एक हात धरून चालायला लागले. मी खूश झालो. पण रिक्षातून घरी गेले की पुन्हा पाय घासायचा, कारण घरी पट्ट्या नव्हत्या. मग मी त्यांना ठोक्यांचं मोबाइल ॲप दिलं. टिक्, टिक्, टिक्. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन, वर पंखा, बाहेर पाण्याच्या मोटारी. त्यात ते टिक् टिक् ऐकू यायला आबांना थांबून कान द्यावा लागे. चालण्यासाठी दिलेला ठोका ते उभं राहून ऐकत.

तेव्हा मी ठरवलं, रेघा गल्लीतच मारायच्या, खोलीच्या दारापासून संडासापर्यंत. गल्लीतल्या ओलसर सिमेंटवर चिकटपट्टी टिकेना. शेजारचा एक जण प्रिंटिंगच्या खात्यात होता, त्याने उरलेला रंग दिला. रंग लाल होता. मी रात्री क्लिनिक आटोपून आलो तेव्हा गल्लीत सामसूम होती. सकाळपर्यंत वाळेल या हिशेबाने गल्लीत आडव्या लाल रेघा ओढल्या. आता आबांनी वळायचं कुठे, हेही लांबून दिसायला हवं. तिथे ठेवायला काहीतरी उठून दिसणारं हवं होतं. विमलताईंच्या भाजीच्या टोपलीत एक पिवळंधमक लिंबू होतं. ते शेवटच्या रेघेवर, संडासासमोर ठेवलं, हात धुतले आणि घरी गेलो.

त्या दिवशी अमावास्या होती. आमच्या घरात कॅलेंडर बँकेच्या सुट्ट्या बघण्यापुरतं टांगलेलं असायचं, त्यामुळे ही बातमी मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली.

नऊच्या सुमारास स्कूटर लावली तर गल्लीच्या तोंडाशी हीऽ गर्दी. रात्रपाळी करून आलेले पुरुष डबे हातात धरून अलीकडे उभे. घरातल्या बायका-पोरं दाराशी उभी. मधे माझ्या लाल रेघा, पलीकडे लिंबू, आणि लिंबाच्या मागे संडास. अख्खी गल्ली पहाटेपासून तिथे जायची थांबलेली. हे डॉक्टरांनी ठेवलंय, असं विमलताईंनी सांगून पाहिलं होतं, पण डॉक्टर असलं कशाला करतील म्हणून कुणी मानलं नव्हतं. काही जण उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, ते व्यायाम म्हणून नव्हे.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोणीतरी उतारा ठेवलाय," एक जण म्हणाला. "अवसेचा. पार संडासाच्या दारात. काय दुश्मनी असेल बघा."

गल्लीत सोनामावशी नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या. असल्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा. दुसऱ्यानं हात लावला तर त्याच्यामागं लागतं."

आता या धंद्यात एक गोष्ट शिकायला मिळते: पेशंट पडतोय असं दिसलं की विचार न करता पुढे व्हायचं. मी पुढे झालो, सगळ्या रेघा तुडवत गेलो आणि लिंबू उचललं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्या घरी कळवायला कोण जाणार हा प्रश्न होता.

"हा उतारा माझा आहे," मी म्हणालो. "म्हणजे, उतारा नाही. आबांच्या पायासाठी आहे."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "डॉक्टर, तुम्ही शिकलेले. आबांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मी मेंदू, इशारा, आडवाट असं काहीबाही समजावू लागलो. पण पहिल्या वाक्यानंतर समोर कुणी नव्हतं. सगळे माझ्या मागच्या दाराकडे पळाले होते. नंतर मावशींनी बादली आणि खराटा माझ्या हातात दिला. कापडाचा रंग सिमेंटवरून किती चिवटपणे निघत नाही, हे आबांनी मला खाटेवरून आनंदाने सांगितलं. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. लिंबाचं सरबत करू का, असं मी विचारलं, त्याला मात्र कुणी हसलं नाही.

गुडघे ओले करून खोलीत येऊन बसलो. खजील झालो होतो आणि डोक्यात दुसरा काही उपाय नव्हता. विमलताई चहा देऊन पुन्हा कामाला बसल्या. एवढ्याशा खोलीत दोन साड्या पसरलेल्या, काठ इकडून तिकडे गेलेले. आबांना तहान लागली असावी. ते खाटेवरून उठले, भिंत धरली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे निघाले. मी उठणार, तेवढ्यात ताई मान खाली घालूनच म्हणाल्या, "साडी."

आबांचा उजवा पाय उचलला गेला. घासला नाही, घोटाळला नाही. गुडघ्यातून वाकून, चवडा वर होऊन, काठाच्या पलीकडे जाऊन पडला. पुढे दुसरी साडी. "साडी," ताई सुई ओढत म्हणाल्या. पुन्हा तसंच पाऊल. हात धरायला कुणी नाही. आबा पाणी प्यायले.

"ताई," मी हळूच विचारलं, "हे रोज असंच जातात?"

"मंग काय साडीवर पाय देतीन का?" त्या म्हणाल्या. "एवढासा डाग पडला तरी शेठ साडी परत धाडतो."

लग्न झाल्यापासून त्या खोलीत साड्या पसरलेल्या होत्या. आबा ड्यूटीवरून झोपेत चालत घरी यायचे, तेव्हाही ताई मान वर न करता "साडी" म्हणायच्या आणि आबांचा पाय आपोआप उचलला जायचा. मी भेस्तानहून चिकटपट्ट्या, ॲप आणि लिंबू घेऊन जो रस्ता शोधत होतो, तो त्या घरात वर्षानुवर्षं मळलेला होता. माझं कर्तृत्व इतकंच की त्या वेळी मी चहा पीत असल्यामुळे गप्प होतो.

पुढचं काम सोपं होतं असं वाटलं. ताईंनी उरलेल्या लेसचे लांब तुकडे दिले. ते आम्ही गल्लीत पावलापावलावर आडवे अंथरायचो, ताई मागून म्हणायच्या, "साडी... साडी... साडी," आणि आबा काठी टेकत निघायचे. सोनामावशींनी लेस तपासून परवानगी दिली. हळूहळू आम्ही लेस कमी केल्या, मग काढूनच टाकल्या. नुसत्या ताईंच्या आवाजावर आबा संडासाच्या दारापर्यंत जायला लागले. मी पावसाळ्याआधीच जाहीर करून टाकलं की दादांनी टेम्पो रद्द करावा.

एक दिवस ताई तयार साड्या पोचवायला गेल्या होत्या. मी गेलो तर आबा उंबऱ्याशी काठी धरून उभे.

"कधीपासून उभे आहात?"

"ती गेली तवापासून."

इशारा हे उसनं अवसान असतं, ते कधीतरी काढून घ्यावं लागतं, हे मी क्लिनिकवर शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत आलोय. आणि इथे मी जमिनीवरच्या लेस उचलल्या, पण इशाऱ्याचं सगळं ओझं एका बाईच्या गळ्यात टाकून मोकळा झालो होतो. आबा चालत होते ते ताई बोलत होत्या म्हणून. आधी त्या धरून न्यायच्या, आता बोलून नेत होत्या.

"आबा, शब्द तुम्हीच म्हणा."

"मी?" आबा दुखावले. "साडी साडी करत गल्लीतून संडासला जाऊ? लोक काय म्हणतीन?"

"मग राम राम म्हणा."

हा माझा आणखी एक शहाणपणा. आबांनी "राम" म्हटलं, की डोळे मिटायचे आणि जागच्या जागी थांबायचे. आयुष्यभर देवाचं नाव त्यांनी थांबूनच घेतलं होतं. दुसरे दोन शब्द करून पाहिले, जमेना. शेवटी त्यांनी इकडे तिकडे बघून, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "साडी." पाय उचलला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. रोज थोडं थोडं करत राहिलो. कधी यायचं, कधी मधेच शब्द विसरल्यासारखे थांबायचे आणि ताईंना पुढे व्हावं लागायचं. कानबाईचा रविवार आला तेव्हा मी काहीही जाहीर केलं नव्हतं.

रविवारी मलाही जेवायला बोलावलं होतं. मुलगा अजून शिफ्टवरून यायचा होता. रोटाचं नव्हे, तो भाऊबंदांचा. माझ्यासाठी वेगळी खीर होती. सुकलालदादा उंचपुरे, मोठ्या आवाजाचे, भावावर जीव असलेले. आल्या आल्या त्यांनी आबांचे पाय स्वतः दाबून दिले. विमलताईंनी डोक्यावरून पदर ओढला आणि त्या दिसेनाशा झाल्या. दादा त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर. लग्न झाल्यापासून त्या कधी त्यांच्याशी समोरून बोलल्या नव्हत्या. चहा हवा का, हेही त्या भिंतीला विचारायच्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की आज गरज पडली तरी त्या जेठासमोर मोठ्याने "साडी" म्हणणार नाहीत.

"सामान बांधलं का रे?" दादांनी विचारलं. "उद्या विसर्जन झालं की निघू. डॉक्टरसाहेब, तुम्ही खूप केलं. आता आम्ही बघू."

आबा काठी घेऊन उठले.

"कुठे?" दादा लगेच उठून त्यांच्या काखेत हात घालायला गेले.

"तठलोंग," आबा म्हणाले आणि त्यांनी भावाचा हात बाजूला केला.

ते उंबऱ्याशी थांबले. मी ताईंकडे पाहिलं. पदराखाली काहीच दिसत नव्हतं. मग आबांचे ओठ हलले आणि पाय उंबऱ्यापलीकडे पडला. दादा, ताई आणि मी मागून निघालो. गल्लीत गाणी चालली होती, बायका नटून फिरत होत्या. त्यांतून आबा पुटपुटत, काठी टेकत चालले. चाल काही सुंदर नव्हती. पाय बाहेरून फेरा मारून येत होता, लुळा हात पोटाशी धरलेला होता. तो हात पुढेही आलाच नाही, आणि स्टेंटरवर ते परत कधी गेले नाहीत. ते मला जमलं नाही. मधेच एकदा थांबले. दादा पुढे झाले, मी त्यांचा सदरा मागून धरला. माझ्या सगळ्या व्यावसायिक आयुष्यातलं बहुधा हे सर्वांत उपयोगी कौशल्य. आबांनी पुन्हा ओठ हलवले आणि निघाले.

"देवाचं नाव घेतोय," दादा माझ्या कानात म्हणाले. मी मान डोलावली.

आबा आत गेले. त्यांनी दार ओढलं आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

आम्ही उभे राहिलो. बराच वेळ गेला. आतून काहीच हालचाल नाही. माझ्या मनात नको ते यायला लागलं: ओली फरशी, पाइप, दुसरा झटका. कडी लावू नका, असं मी सांगायला हवं होतं. दादा दारापाशी गेले. "लोटन? ठीक शे ना रे?" उत्तर नाही. त्यांनी खांदा लावून दार ढकलायची तयारी केली.

"दादा."

मागून आवाज आला. विमलताईंनी पदर मागे केला नव्हता, पण तोंड जेठाकडे होतं.

"बठू द्या त्यास्ले. कितला दिननंतर एकला बठेल शेतस."

दादा वळले. किती दिवसांनी नवरा एकटा बसलाय, बसू द्या, असं सांगणारा तो आवाज त्यांनी आपल्याशी बोलताना याआधी ऐकला नव्हता. ते काही म्हणणार, एवढ्यात आतून आबा बोलले, चांगल्या खणखणीत आवाजात.

"कोन उभं शे बाहेर? जा ना भो."

दादा दारापासून मागे सरले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी टेम्पोवाल्याला "उद्याचं राहू दे" एवढंच सांगितलं. मग आम्ही तिघंही गल्लीच्या अलीकडच्या टोकाला येऊन, संडासाकडे पाठ करून, कुणाचीच वाट बघत नसल्यासारखे उभे राहिलो.